ॲनिमेच्या दर्जावरील स्ट्रीमिंग सेवांचा परिणाम

ॲनिमेच्या दर्जावरील स्ट्रीमिंग सेवांचा परिणाम हा जपानी ॲनिमेशन उद्योगात इ.स. २०१० च्या दशकापासून सातत्याने चर्चिला गेलेला विषय आहे. क्रंचीरोल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ, डिझ्नी+ यांसारख्या आंतरराष्ट्रीय सेवा तसेच डी ॲनिमे स्टोअर, अबेमा, यू-नेक्स्ट यांसारख्या जपानी सेवा यांच्या प्रसारामुळे ॲनिमेच्या अर्थकारणात, निर्मितीच्या वेळापत्रकात, कथारचनेत आणि अनुवादात मोठे बदल घडून आले.

या बदलांचा दर्जावर झालेला परिणाम एकसारखा नाही. काही मालिकांना स्ट्रीमिंगमुळे अधिक निधी, निर्मितीस अधिक अवधी आणि विषयनिवडीचे स्वातंत्र्य मिळाले. त्याच वेळी वाढत्या मागणीचा भार मर्यादित संख्येच्या ॲनिमेटरांवर पडला. त्यामुळे लांबलेली वेळापत्रके, घाईने पूर्ण केलेले भाग आणि कमी मोबदला या जुन्या समस्या कायम राहिल्या, काही ठिकाणी त्या अधिक तीव्र झाल्या. उद्योगात येणारा पैसा वाढला, तरी चित्रे काढणारे हात आणि त्यांना मिळणारा वेळ त्या प्रमाणात वाढले नाहीत, हा या चर्चेतील मध्यवर्ती मुद्दा आहे.

## ‘दर्जा’ या संज्ञेची व्याप्ती

ॲनिमेच्या संदर्भात ‘दर्जा’ हा शब्द किमान चार अर्थांनी वापरला जातो.

- चित्रदर्जा: रेखाटनांची अचूकता, हालचालींचा ओघ, पार्श्वचित्रे, रंगयोजना आणि दृश्यांचे अंतिम संयोजन.
- आशय: कथानक, पात्रचित्रण, विषयांचे वैविध्य आणि मालिकेची एकूण बांधणी.
- सादरीकरण: उपशीर्षके, डबिंग, चित्राची स्पष्टता आणि प्रदर्शनाची पद्धत.
- निर्मितीप्रक्रियेचे आरोग्य: वेळापत्रक, कामाचे तास, मोबदला आणि नव्या कलाकारांचे प्रशिक्षण.

हे चारही घटक नेहमी एकत्र वाढत किंवा घटत नाहीत. उत्कृष्ट चित्रदर्जाची मालिका अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत तयार झालेली असू शकते, तर पुरेसा अवधी मिळालेली मालिका आशयाच्या दृष्टीने सामान्य ठरू शकते. त्यामुळे ‘स्ट्रीमिंगमुळे दर्जा सुधारला’ किंवा ‘घसरला’ अशी विधाने कोणत्या अर्थाने केली आहेत, हे पाहणे आवश्यक ठरते.

## पार्श्वभूमी

### दूरचित्रवाणीचा काळ

ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने निर्माण केलेली ‘तेत्सुवान आतोमु’ (अॅस्ट्रो बॉय) ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून फुजी टीव्हीवर प्रसारित होऊ लागली. अर्ध्या तासाची साप्ताहिक मालिका वेळेत आणि परवडणाऱ्या खर्चात पूर्ण करण्यासाठी मर्यादित ॲनिमेशनचे तंत्र वापरण्यात आले. यात सेकंदाला २४ ऐवजी साधारण ८ रेखाटने वापरणे, स्थिर चित्रांवर कॅमेरा फिरवणे, आधी काढलेली रेखाटने पुन्हा वापरणे आणि केवळ ओठांची हालचाल दाखवणे अशा युक्त्यांचा समावेश होता. वाहिनीकडून मिळणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी होती. ही तूट खेळणी व इतर वस्तूंवरील हक्कांतून आणि परदेशी विक्रीतून भरून काढली जात असे. प्रसारणातून खर्च निघत नाही, तो अन्य मार्गांनी वसूल करावा लागतो, ही या उद्योगाची रीत तेव्हापासून रूढ झाली.

### होम व्हिडिओ आणि निर्मिती समिती

मामोरू ओशी यांचे दिग्दर्शन लाभलेली ‘डॅलोस’ (१९८३) ही थेट व्हिडिओ कॅसेटवर प्रकाशित झालेली पहिली ॲनिमे मालिका मानली जाते. या ‘ओव्हीए’ प्रकारामुळे दूरचित्रवाणीच्या नियमांपासून आणि साप्ताहिक मुदतीपासून मोकळीक मिळाली. प्रौढ प्रेक्षकांसाठीचे विषय आणि तपशीलवार चित्रण यांना त्यातून वाव मिळाला. स्ट्रीमिंगसाठी तयार होणाऱ्या मालिकांची तुलना अनेकदा याच प्रकाराशी केली जाते.

‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ (१९९५) या मालिकेच्या यशानंतर निर्मिती समितीची (सेइसाकू इइन्काई) पद्धत सर्वत्र रूढ झाली. प्रकाशक, संगीत कंपनी, व्हिडिओ वितरक, खेळणी उत्पादक, वाहिनी अशा अनेक कंपन्या एकत्र येऊन भांडवल उभारतात आणि आपापल्या क्षेत्रातील हक्क वाटून घेतात. त्यामुळे अपयशाची जोखीम विभागली जाते. ॲनिमेशन स्टुडिओला मात्र बहुतेक वेळा ठरलेली निर्मितीची रक्कमच मिळते. समितीत स्वतः गुंतवणूक केली नसेल, तर मालिका कितीही लोकप्रिय झाली तरी नफ्यात त्याचा वाटा नसतो.

रात्री उशिरा प्रसारित होणाऱ्या मालिकांचा खर्च दीर्घकाळ डीव्हीडी आणि ब्लू-रेच्या विक्रीतून वसूल होत असे. २००० च्या दशकाच्या मध्यानंतर ही विक्री उतरणीला लागली. २०१८ च्या सुमारास जपानमधील ॲनिमेच्या स्ट्रीमिंगचे उत्पन्न डिस्कच्या उत्पन्नापुढे गेले.

## स्ट्रीमिंग सेवांचा उदय

२००० च्या दशकात जपानबाहेरील बहुसंख्य चाहते हौशी गटांनी उपशीर्षके दिलेल्या अनधिकृत प्रतींवर अवलंबून होते. २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या क्रंचीरोलवरही आरंभी अशाच प्रती उपलब्ध होत्या. जानेवारी २००९ पासून टीव्ही तोक्योशी झालेल्या करारान्वये ‘नारुतो शिप्पुदेन’चे नवे भाग जपानमधील प्रसारणानंतर अल्पावधीतच तेथे अधिकृतपणे दाखवले जाऊ लागले. समकालीन प्रसारणाच्या या पद्धतीला ‘सायमलकास्ट’ म्हणतात.

जपानमध्ये एनटीटी दोकोमो आणि कादोकावा यांच्या सहभागातून २०१२ मध्ये डी ॲनिमे स्टोअर सुरू झाले. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०१५ मध्ये जपानमध्ये सेवा सुरू केली. चीनमधील बिलिबिलीसारख्या सेवांनीही या दशकात जपानी मालिकांचे हक्क मोठ्या प्रमाणावर विकत घेतले. ॲमेझॉनने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत ‘ॲनिमे स्ट्राइक’ ही स्वतंत्र वाहिनी सुरू केली. प्राइमच्या वर्गणीखेरीज तिच्यासाठी वेगळे शुल्क आकारले जात असल्याने तिच्यावर टीका झाली आणि वर्षभरातच ती बंद करण्यात आली.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोनी समूहातील फनिमेशनने क्रंचीरोलची खरेदी ११७.५ कोटी अमेरिकी डॉलरना पूर्ण केली. पुढे दोन्ही सेवा एकत्र करण्यात आल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये फनिमेशनची स्वतंत्र सेवा बंद झाली. खरेदीच्या वेळी क्रंचीरोलचे सुमारे ५० लाख वर्गणीदार होते. २०२४ मध्ये ही संख्या दीड कोटींवर गेली. नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये आपले निम्म्याहून अधिक सदस्य ॲनिमे पाहत असल्याचे जाहीर केले.

## अर्थकारणातील बदल

जपानच्या ॲनिमेशन उद्योग संघटनेच्या वार्षिक अहवालांनुसार २०२० मध्ये ॲनिमेच्या बाजारपेठेतील परदेशी हिस्सा प्रथमच देशांतर्गत हिश्शापेक्षा मोठा ठरला. २०२३ मध्ये एकूण बाजारपेठ सुमारे ३ लाख ३५ हजार कोटी येनांची होती. त्यांपैकी सुमारे १ लाख ७२ हजार कोटी येन परदेशातून आले. या वाढीत स्ट्रीमिंग हक्कांचा मोठा वाटा आहे. ही आकडेवारी मात्र हक्कांच्या वस्तू, चित्रपट, संगीत इत्यादींसह संपूर्ण बाजारपेठेची आहे. ॲनिमेशन स्टुडिओंच्या हाती येणारी रक्कम तिचा एक लहान भाग असते.

स्ट्रीमिंग सेवा साधारणपणे तीन प्रकारे ॲनिमेत पैसा गुंतवतात:

1. परवाना: निर्मिती समितीने तयार केलेल्या मालिकेचे ठराविक प्रदेशांतील हक्क विकत घेणे. हे करार अनेकदा निर्मिती पूर्ण होण्यापूर्वीच होतात. त्यामुळे डिस्कच्या विक्रीप्रमाणे प्रसारण संपेपर्यंत थांबावे न लागता खर्चाचा काही भाग आधीच सुरक्षित होतो.
2. समितीतील सहभाग: सेवा स्वतः समितीची सदस्य बनते आणि भांडवलासह निर्णयप्रक्रियेतही वाटेकरी होते. क्रंचीरोलने अनेक मालिकांत हा मार्ग अवलंबला आहे.
3. थेट निर्मिती: सेवा स्टुडिओला किंवा निर्मात्याला संपूर्ण खर्च देऊन मालिका तयार करून घेते. नेटफ्लिक्सने जानेवारी २०१८ मध्ये प्रॉडक्शन आय.जी. आणि बोन्स या स्टुडिओंशी व्यापक सहकार्याचे करार जाहीर केले. पुढील वर्षी डेव्हिड प्रॉडक्शन, ॲनिमा आणि सबलिमेशन यांच्याशीही असे करार झाले.

थेट निर्मितीत स्टुडिओला समितीच्या तुलनेत चांगली रक्कम आणि निश्चिती मिळते. मात्र ठरलेल्या रकमेपलीकडील यशात स्टुडिओला वाटा मिळेलच असे नाही. प्रेक्षकसंख्येची माहितीही दीर्घकाळ सेवांकडेच राहत असे. नेटफ्लिक्सने आपल्या बहुतांश मालिकांच्या पाहिल्या गेलेल्या तासांचा अहवाल नियमित प्रसिद्ध करण्यास डिसेंबर २०२३ मध्ये सुरुवात केली. या माहितीअभावी पुढील कराराच्या वाटाघाटीत निर्मात्यांची बाजू दुबळी राहते, असा आक्षेप घेतला जातो.

एका स्टुडिओने संपूर्ण भांडवल स्वतः उभारण्याचे उदाहरण म्हणजे मापाची ‘चेनसॉ मॅन’ (२०२२) ही मालिका. तिच्यासाठी निर्मिती समिती स्थापन करण्यात आली नाही. परदेशातील मागणी निश्चित असलेल्या काळातच असा धोका पत्करणे व्यवहार्य ठरते, असे मानले जाते.

## चित्रदर्जा आणि वेळापत्रक

### निर्मितीप्रक्रिया

सुमारे २४ मिनिटांच्या एका भागासाठी सामान्यतः काही हजार रेखाटने लागतात. कथाचित्रफलक तयार झाल्यावर मांडणी, मुख्य रेखाटने (गेंगा), मधली रेखाटने (दोगा), रंगकाम, पार्श्वचित्रे आणि संयोजन हे टप्पे क्रमाने पार पडतात. निरनिराळ्या कलाकारांनी काढलेल्या रेखाटनांत एकसारखेपणा आणण्याचे काम ॲनिमेशन दिग्दर्शक करतो. आधीच्या टप्प्यांना उशीर झाला की शेवटच्या टप्प्यांचा वेळ आक्रसतो. अशा वेळी काम अनेक उपकंत्राटदारांकडे वाटून दिले जाते. श्रेयनामावलीत एकाच भागासाठी अनेक ॲनिमेशन दिग्दर्शकांची नावे दिसणे हे बऱ्याचदा अशा ताणाचे लक्षण असते.

दूरचित्रवाणीवरील साप्ताहिक मालिकेत पहिला भाग प्रसारित होत असताना नंतरच्या भागांचे काम चालूच असते. त्यामुळे सुरुवातीचे भाग देखणे आणि मधले भाग ढिसाळ असा अनुभव जुना आहे. पूर्वी अशा भागांतील दोष डिस्कच्या आवृत्तीत दुरुस्त केले जात. डिस्कची खरेदी हेच मुख्य उत्पन्न असल्याने त्या दुरुस्तीला आर्थिक कारण होते. स्ट्रीमिंगवर बहुधा प्रसारणासाठीची पहिलीच आवृत्ती जगभर पोहोचते. डिस्कची विक्री घटल्याने दुरुस्तीमागचे प्रोत्साहनही कमी झाले.

### अवधी मिळालेल्या मालिका

सर्व भाग एकाच दिवशी अनेक भाषांत प्रदर्शित करायचे असतील, तर डबिंग आणि उपशीर्षकांसाठी मालिका काही महिने आधी पूर्ण करून द्यावी लागते. या अटीमुळे साप्ताहिक धावपळ टळते आणि संपूर्ण मालिकेचा चित्रदर्जा समान राखणे शक्य होते.

मासाआकी युआसा दिग्दर्शित ‘डेव्हिलमॅन क्रायबेबी’ (२०१८) ही सायन्स सारू या स्टुडिओची दहा भागांची मालिका नेटफ्लिक्सवर एकाच वेळी प्रदर्शित झाली. स्टुडिओ ट्रिगरची आणि हिरोयुकी इमाइशी दिग्दर्शित ‘सायबरपंक: एजरनर्स’ (२०२२) हीदेखील दहा भागांची मालिका होती. २०२३ च्या क्रंचीरोल ॲनिमे पुरस्कारांत तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट ॲनिमेचा मान मिळाला. नाओकी उरासावा यांच्या मांगावर आधारित ‘प्लूटो’ (२०२३) या मालिकेचे आठ भाग प्रत्येकी सुमारे तासाभराचे आहेत. तिच्यावर अनेक वर्षे काम चालले होते. तिचे एक प्रमुख निर्माते मासाओ मारुयामा यांनी उमेदीच्या काळात तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनमध्ये काम केले होते आणि मूळ मांगाही तेझुकांच्या ‘तेत्सुवान आतोमु’मधील कथानकाची पुनर्मांडणी आहे. १९६३ मध्ये काटकसरीच्या तंत्राने साकारलेले विश्व साठ वर्षांनी भागांची लांबी व मुदत यांच्या पारंपरिक बंधनांशिवाय पडद्यावर आले.

### टीकेस पात्र ठरलेल्या मालिका

स्ट्रीमिंग सेवेचे पाठबळ हे चित्रदर्जाची हमी ठरलेले नाही. क्रंचीरोलच्या ‘ओरिजिनल्स’ या मालिकेतील ‘एक्स-आर्म’ (२०२१) हिच्या संगणकीय त्रिमितीय ॲनिमेशनवर प्रखर टीका झाली. याच उपक्रमातील ‘टॉवर ऑफ गॉड’ आणि ‘द गॉड ऑफ हायस्कूल’ (दोन्ही २०२०) यांच्या चित्रणाला तुलनेने चांगला प्रतिसाद मिळाला. नेटफ्लिक्सवरील ‘घोस्ट इन द शेल: एसएसी_२०४५’ (२०२०) मधील त्रिमितीय पात्रांच्या रूपावर जुन्या मालिकेच्या चाहत्यांनी नापसंती व्यक्त केली. ‘द सेव्हन डेडली सिन्स’च्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या पर्वात स्टुडिओ बदलल्यानंतर लढतींच्या दृश्यांचा दर्जा घसरल्याची टीका जपानमध्ये आणि बाहेरही झाली. परदेशात ही मालिका नेटफ्लिक्सवरच उपलब्ध होती.

वेळापत्रक कोसळल्याची उदाहरणेही या काळात वारंवार आढळतात. ‘वंडर एग प्रायॉरिटी’ (२०२१) या मालिकेच्या मध्यावर आधीच्या भागांचा सारांश दाखवावा लागला आणि शेवट नियोजित काळात न होता जून २०२१ मध्ये विशेष भागाद्वारे करण्यात आला. ‘झॉम १००’ (२०२३) ही मालिका जुलैमध्ये सुरू झाली. वारंवार लांबणीवर पडल्यानंतर तिचे शेवटचे तीन भाग डिसेंबरच्या अखेरीस प्रदर्शित झाले. या दोन्ही मालिका साप्ताहिक प्रसारणाच्या होत्या. त्यांचे हक्क परदेशी सेवांनी घेतलेले असले, तरी त्यामुळे स्टुडिओला जादा अवधी मिळाला नव्हता.

## आशय आणि रचना

दूरचित्रवाणीवरील मालिका साधारणपणे तिमाहीच्या (कूर) मापाने, म्हणजे ११ ते १३ किंवा २४ ते २६ भागांत, बांधल्या जातात. प्रत्येक भागाची लांबीही जाहिराती आणि शीर्षकगीते धरून ठरलेली असते. थेट स्ट्रीमिंगसाठी तयार होणाऱ्या मालिकांवर हे बंधन नसते. भागांची संख्या आणि लांबी कथेच्या गरजेनुसार ठरवता येते. हिंसा, लैंगिकता, धर्म अशा विषयांवर वाहिन्यांचे व प्रायोजकांचे जे निर्बंध असतात, तेही येथे शिथिल होतात. ‘डेव्हिलमॅन क्रायबेबी’सारखी मालिका त्या स्वरूपात दूरचित्रवाणीवर दाखवणे अवघड गेले असते.

दुसरीकडे विषयांच्या एकसुरीपणाची तक्रारही केली जाते. सामान्य तरुण दुसऱ्या जगात जन्म घेतो, अशा ‘इसेकाई’ प्रकारच्या मालिका २०१० च्या दशकापासून मोठ्या संख्येने येत आहेत. या लाटेचे मूळ ‘शोसेत्सुका नि नारो’ या संकेतस्थळावरील हौशी कादंबऱ्यांत आहे. त्यामुळे तिचे श्रेय किंवा दोष केवळ स्ट्रीमिंगला देता येत नाही. मात्र सेवांना दर तिमाहीला नव्या मालिकांची गरज असते आणि लोकप्रिय मूळ साहित्यावरील मालिकांना परदेशात खात्रीचा ग्राहक मिळतो. त्यामुळे मध्यम प्रतीच्या रूपांतरांनाही आर्थिक आधार मिळतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

## प्रदर्शनाची पद्धत

ॲनिमेच्या चाहत्यांमध्ये दर आठवड्याला भाग पाहून त्यावर चर्चा करण्याची प्रथा दृढ आहे. नेटफ्लिक्सने आरंभी अनेक मालिकांचे हक्क घेतल्यानंतर जपानमधील प्रसारण पूर्ण होईपर्यंत त्या परदेशात प्रदर्शित केल्या नाहीत. ‘लिटल विच अकॅडेमिया’ (२०१७) आणि ‘बीस्टार्स’ (जपानमध्ये ऑक्टोबर २०१९, अन्यत्र मार्च २०२०) ही त्याची उदाहरणे होत. इंग्रजी भाषक चाहत्यांनी या प्रतीक्षेला उपरोधाने ‘नेटफ्लिक्सचा तुरुंग’ असे नाव दिले. डिझ्नी+ ने घेतलेली ‘समर टाइम रेंडरिंग’ (२०२२) ही मालिकाही अनेक देशांत पुढील वर्षीच पोहोचली.

‘जोजोज बिझार ॲडव्हेंचर: स्टोन ओशन’चे ३८ भाग डिसेंबर २०२१, सप्टेंबर २०२२ आणि डिसेंबर २०२२ अशा तीन गटांत प्रदर्शित करण्यात आले. पूर्वीच्या पर्वांच्या वेळी आठवड्यागणिक रंगणारी चर्चा यामुळे खंडित झाली, अशी तक्रार चाहत्यांनी केली. येथे एक विरोधाभास दिसतो: सर्व भाग एकत्र देण्याची पद्धत निर्मितीच्या दृष्टीने हितकर, पण मालिकेच्या लोकप्रियतेसाठी प्रतिकूल ठरू शकते. नंतरच्या वर्षांत नेटफ्लिक्सनेही अनेक मालिका जपानबरोबरच साप्ताहिक स्वरूपात देण्यास सुरुवात केली.

## अनुवाद आणि डबिंग

समकालीन प्रसारणामुळे अधिकृत उपशीर्षके काही तासांत उपलब्ध होऊ लागली आणि अनधिकृत प्रतींचे महत्त्व कमी झाले. मात्र अनुवादकांना मिळणारा अवधीही घटला. शब्दखेळ, आदरार्थी रूपे आणि प्रादेशिक बोली यांचा अनुवाद करण्यास पुरेसा वेळ न मिळाल्याने सपाट भाषांतर होते, अशी टीका केली जाते.

जून २०१९ मध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा तिचा इंग्रजी अनुवाद नव्याने करण्यात आला होता. दोन पात्रांमधील भावनिक संवादातील शब्दयोजना सौम्य केल्याबद्दल आणि अनेक देशांतील आवृत्तीतून ‘फ्लाय मी टू द मून’ हे समाप्तिगीत वगळल्याबद्दल चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर हा यातील नवा वादविषय आहे. जुलै २०२५ मध्ये क्रंचीरोलवरील एका मालिकेच्या जर्मन उपशीर्षकांत चॅटजीपीटीचा उल्लेख तसाच राहून गेल्याचे आढळले. हे काम बाहेरील कंत्राटदाराने कराराचे उल्लंघन करून केल्याचे स्पष्टीकरण कंपनीने दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲमेझॉनने ‘बनाना फिश’सह काही शीर्षकांसाठी दिलेले यंत्रनिर्मित इंग्रजी डबिंग टीकेनंतर मागे घेतले.

## कलाकारांची स्थिती

जपान ॲनिमेशन क्रिएटर्स असोसिएशनच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये या क्षेत्रातील कामगारांचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ३३ लाख २८ हजार येन होते. मधली रेखाटने काढणाऱ्यांचे उत्पन्न मात्र सरासरी ११ लाख १३ हजार येन इतकेच होते. हे काम अनेकदा प्रत्येक रेखाटनामागे ठरलेल्या दराने दिले जाते. कमी उत्पन्नामुळे नवोदित कलाकार लवकर व्यवसाय सोडतात आणि अनुभवी मुख्य ॲनिमेटरांची पुढची पिढी घडत नाही. मालिकांची मागणी वाढली, तेव्हा हीच उणीव सर्वाधिक जाणवली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मापा स्टुडिओच्या ‘जुजुत्सु कायसेन’च्या दुसऱ्या पर्वावर काम करणाऱ्या काही ॲनिमेटरांनी समाजमाध्यमांवर अपुऱ्या वेळेबाबत आणि थकव्याबाबत उघडपणे लिहिले. त्याच सुमारास प्रदर्शित होणाऱ्या भागांतील लढतींच्या दृश्यांची जगभर प्रशंसा होत होती. पडद्यावरील दर्जा आणि त्यामागील परिस्थिती यांतील अंतर या प्रकरणाने ठळकपणे समोर आणले.

२०२३ मध्ये स्थापन झालेल्या निप्पॉन ॲनिमे अँड फिल्म कल्चर असोसिएशन (नाफ्का) या संस्थेच्या पाहणीत प्रतिसाद देणाऱ्यांच्या कामाचे तास महिन्याला सरासरी २१९ असल्याचे आढळले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यवसाय व मानवाधिकार कार्यगटाने २०२४ मधील जपानविषयक अहवालात ॲनिमे उद्योगातील कमी मोबदला, अतिरिक्त तास आणि कलाकारांच्या बौद्धिक संपदा हक्कांचे अपुरे संरक्षण यांची नोंद घेतली. जपानमध्ये मुक्त कामगारांना संरक्षण देणारा नवा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये अमलात आला. कराराच्या अटी लेखी देणे आणि मोबदला ठरावीक मुदतीत चुकता करणे त्यानुसार बंधनकारक आहे.

स्ट्रीमिंग सेवांनी प्रशिक्षणात थेट गुंतवणूक केल्याचे एक उदाहरण म्हणजे नेटफ्लिक्स आणि विट स्टुडिओ यांनी २०२१ मध्ये सुरू केलेला प्रशिक्षण उपक्रम. स्टुडिओ जिब्लीत दीर्घकाळ काम केलेल्या हितोमी तातेनो यांच्याकडे त्यातील अध्यापनाची धुरा होती आणि प्रशिक्षणार्थींच्या शुल्काचा व निर्वाहाचा खर्च उचलण्यात आला. याच दोन संस्थांशी संबंधित ‘द डॉग अँड द बॉय’ (२०२३) या लघुपटात मात्र पार्श्वचित्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यात आली. त्यासाठी मनुष्यबळाच्या टंचाईचे कारण दिल्याने जोरदार टीका झाली. टंचाईचे मूळ कमी मोबदल्यात आहे, असा टीकाकारांचा प्रतिवाद होता.

## भारतातील प्रेक्षक

भारतात २००० च्या दशकात ॲनिमे मुख्यतः मुलांच्या वाहिन्यांवरील हिंदी डबिंगमधून पोहोचले. ‘डोरेमॉन’ आणि ‘शिन-चॅन’ या मालिका महाराष्ट्रातील घराघरांतही अशाच रीतीने परिचित झाल्या. २००४ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमॅक्स वाहिनीने मोठ्या वयाच्या प्रेक्षकांसाठीच्या मालिका आणल्या. स्ट्रीमिंगमुळे नव्या मालिका जपानबरोबरच भारतात पाहता येऊ लागल्या. क्रंचीरोलने २०२२ मध्ये भारतातील मासिक शुल्क ७९ रुपयांपर्यंत खाली आणले आणि हिंदी, तमिळ व तेलुगू डबिंगचा विस्तार केला.

स्ट्रीमिंगवर मराठी भाषक प्रेक्षक प्रामुख्याने इंग्रजी उपशीर्षके किंवा हिंदी डबिंग यांच्या आधारे ॲनिमे पाहतात. त्यामुळे अनुवादाच्या दर्जाचा प्रश्न त्यांच्यासाठी महत्त्वाचा ठरतो. जपानी भाषेतील आदरार्थी रूपांचे बारकावे इंग्रजीत अनेकदा गळून पडतात. ‘तू’, ‘तुम’, ‘आप’ असा भेद असलेल्या हिंदीत ते काही अंशी राखता येतात, मात्र डबिंग इंग्रजी संहितेवरून केले गेल्यास ही संधी हुकते.

## मूल्यमापन

ॲनिमेच्या दर्जातील बदलांचे कारण केवळ स्ट्रीमिंगमध्ये शोधणे पुरेसे नाही. मालिकांच्या संख्येत मोठी वाढ स्ट्रीमिंगचा प्रसार होण्यापूर्वी, २००० च्या दशकाच्या मध्यासही झाली होती आणि अतिउत्पादनाची चर्चा तेव्हाही झाली. अपुरा मोबदला आणि घट्ट मुदती यांची मुळे १९६० च्या दशकापर्यंत जातात. संगणकीय रंगकाम व संयोजनाचा प्रसार आणि २०२० नंतरची कोव्हिड महासाथ यांचाही निर्मितीवर परिणाम झाला.

तथापि उपलब्ध उदाहरणांतून एक फरक स्पष्ट दिसतो. ज्या मालिकांसाठी स्ट्रीमिंग सेवेने निधीबरोबर अवधीही उपलब्ध करून दिला, तेथे अनेकदा चित्रदर्जात सातत्य आणि कथारचनेत मोकळीक आढळते. जेथे सेवेने केवळ तयार होत असलेल्या मालिकेचे हक्क विकत घेतले, तेथे निर्मितीची जुनी चौकट तशीच राहिली आणि वाढलेल्या मागणीचा ताण तिच्यावर पडला. जपानमधील क्योतो ॲनिमेशनसारख्या स्टुडिओने कलाकारांना वेतनावर ठेवून आणि बहुतांश काम स्वतःच्याच संस्थेत करून राखलेला चित्रदर्जा स्ट्रीमिंगच्या प्रसारापूर्वीपासून नावाजला गेला आहे. त्यामुळे दर्जाचा प्रश्न वितरणाच्या माध्यमाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, कलाकारांना मिळणाऱ्या वेळेशी आणि मोबदल्याशी निगडित असल्याचे दिसते.

## हेही पहा

- ॲनिमे
- मांगा
- ओसामू तेझुका
- नेटफ्लिक्स
- क्रंचीरोल
- क्योतो ॲनिमेशन